बाकांभोवती एक तार

मनुष्याची श्रवणशक्ती एका दिवसात जात नाही. कलत्या दुपारी भिंतीवरचे ऊन जसे नकळत खाली सरकते, तशी ती सरकत जाते. अमुक क्षणी गेली असे बोट ठेवून कोणालाच सांगता येत नाही. आत्यांच्या बाबतीत आधी व्यंजने गेली आणि स्वर मागे राहिले. पाळक व्यासपीठावरून उपदेश करीत, तेव्हा आत्यांपर्यंत नुसते आकार, एकार, ओकार येऊन पोचत. शब्दांचा सांगाडाच वाटेत कोठेतरी गळून पडलेला असे. त्यात ते चर्च दगडी बांधणीचे, छत उंच. एक शब्द विरण्याच्या आत दुसरा त्याच्या अंगावर येऊन पडे. ज्यांचे कान धड होते त्यांना हा घुमारा भारदस्त वाटे. आत्यांना मात्र शेजारच्या घरात भांडण चालावे आणि मधली भिंत जाड असावी, तसे वाटे. कोणीतरी काहीतरी फार कळकळीने बोलत आहे, एवढेच काय ते कळे.

आत्यांचा व्यवसाय पुस्तकबांधणीचा. खळ, दाभण, मेण लावलेला दोरा आणि लोखंडी शिकंजा यांच्या संगतीत त्यांचे आयुष्य गेले. मंडळीतल्या प्रत्येक प्रार्थनापुस्तकाची पाठ त्यांच्या हातून शिवून गेलेली होती. लग्न त्यांनी केले नाही; भाऊ, भावजय आणि भाचा हाच त्यांचा संसार. भाचा त्यांना आत्या म्हणे, म्हणून सारी मंडळीही आत्याच म्हणू लागली होती.

उपासनेचा क्रम त्यांना मुखोद्गत होता. त्या बळावर त्यांनी आपले बहिरेपण कित्येक वर्षे झाकून नेले. अंधारातही घरच्या जिन्यावर पाय चुकत नाही, तशा त्या प्रार्थनेमागून प्रार्थना उतरत जात. पण पाळकांनी छापील शब्द सोडून आपल्या मनचे चार शब्द बोलायला सुरुवात केली, की आत्यांची पायरी चुके. अशाच एका रविवारी पाळकांना गहिवरून आले आणि त्यांनी समारोपाची प्रार्थना लांबवली. आत्यांना वाटले, प्रार्थना संपली. त्या उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी आपल्या खणखणीत आवाजात शेवटचे गीत सुरू केले. पहिले कडवे पुरे होईपर्यंत कोणीही त्यांना थांबवले नाही. मग मुले हसली, मुलांना दटावता दटावता आया हसल्या, आणि खाली घातलेल्या मानेने पाळकही हसले. आत्यांनी ते पाहिले. हसू ऐकावे लागत नाही.

त्यानंतर त्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. तेथे लोहारकाका आधीपासूनच होते. ऐरणीने त्यांचे दोन्ही कान तरुणपणीच खाल्ले होते. दोघांच्याही कानांत श्रवणयंत्रे होती, पण ती शब्दाआधी घुमाराच उचलीत.

“या, या,” ते म्हणाले. “इथं कुणालाच काही ऐकू येत नाही, त्यामुळं फार शांतता असते.”

पुढे भाच्याला मुलगी झाली. एके दिवशी तो आणि त्याची बायको बाळाला घेऊन आत्यांच्या दुकानात आले. भाचेसून शिकंज्याशेजारच्या स्टुलावर बसली, आत्यांच्या बरोबर समोर, आणि स्वच्छ ओठ हलवत म्हणाली, “आत्या, हिच्या धर्ममाता तुम्ही व्हायचं.”

आत्यांनी हातातले दाभण खाली ठेवले. “अगं, माझी अवस्था तुला ठाऊक नाही का?”

“ठाऊक आहे.”

“आपल्या चर्चची रीत ठाऊक आहे?”

ती रीत अशी होती. बाप्तिस्म्याच्या वेळी धर्ममातेला विचारायचे प्रश्न तेथे पुस्तकातून वाचत नसत. पाळकाने त्या एका बालकासाठी ते स्वतःच्या शब्दांत योजायचे, आधी कोणालाही सांगायचे नाहीत. आणि धर्ममातेनेही मनात येईल ते उत्तर तेथल्या तेथे, सर्वांसमक्ष द्यायचे. पाठ केलेल्या वचनाला वजन नाही, असे जुन्या लोकांचे म्हणणे होते. शिवाय प्रश्न विचारताना पाळक जलकुंडावर ओणवे होत, त्यांचे तोंड पाण्याकडे असे. त्यामुळे ओठ वाचण्याचीही सोय नव्हती.

“आत्या, तू नाही म्हणालीस तर आम्ही दुसरं कुणाला विचारणार नाही,” भाचा म्हणाला. “पोरगी तशीच राहील.”

“धमकी देतोस होय रे?”

“तुझ्याकडूनच शिकलो.”

आत्यांनी बाळाला मांडीवर घेतले. दुकानात त्या श्रवणयंत्र काढून ठेवीत. मुलगी रडत असावी. तिचे तोंड उघडे होते, चेहरा लाल झाला होता, आणि आत्यांपर्यंत त्यातले काहीच पोचत नव्हते. त्यांनी तिचे दुपटे सारखे केले. मग म्हणाल्या, “मला प्रश्न ऐकू आला तर उभी राहीन. नाही आला, तर हसं करून घ्यायला उभी राहणार नाही. हिच्या दिवशी तर नाहीच नाही.”

ही वार्ता मंडळीचे कारभारी यांच्या कानावर गेली. हे गृहस्थ व्यवसायाने इमारतींचे कंत्राटदार. मनाने वाईट नव्हते. परंतु जे थोडक्याने होत नाही ते पुष्कळाने होते, अशी त्यांची जन्माची श्रद्धा होती. त्यांनी चारही कोपऱ्यांत चार मोठे कर्णे बसवून घेतले. पुढच्या रविवारी खिडक्यांच्या काचा थरथरल्या.

“आता तरी येतंय ना ऐकू?” उपासनेनंतर त्यांनी लोहारकाकांना हातवाऱ्यांसह विचारले.

“येतंय की! आधी एक पाळक कळत नव्हते, आता चार कळत नाहीत.”

भाचेसुनेने तेव्हा निराळाच मार्ग धरला. तिने एका तंत्रज्ञ बाईंना गाठले. त्या ठिकठिकाणच्या सभागृहांत बहिऱ्यांसाठी सोय करून देण्याचेच काम करीत. मंडळीने लवकरच त्यांचे नाव यंत्रवाली ताई ठेवले. त्या आल्या, चर्चच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि त्यांनी एकदाच टाळी वाजवली. तो नाद छताशी जाऊन, भिंतींना शिवून, हळूहळू विझेपर्यंत त्या ऐकत राहिल्या.

“आवाज मोठा करून उपयोग नाही,” त्या म्हणाल्या. “मोठा केला की घुमाराही मोठा होतो. आवाज यांच्या कानाशी नेऊन ठेवायला हवा.”

त्यांनी समजावून सांगितले ते असे. बसायच्या जागेभोवती जमिनीलगत एक तार फिरवायची. पाळकांच्या गळपट्टीवरच्या माइकातला आवाज त्या तारेत सोडायचा. हा आवाज हवेतून जातच नाही, त्यामुळे घुमत नाही. तारेच्या आत बसलेल्या माणसाच्या श्रवणयंत्रात एक इवलीशी तारेची गुंडाळी असते, ती तो थेट उचलून घेते. यंत्रावरचे बटण तेवढे दाबायचे. याला लूप म्हणतात.

पाळकांना ते पटले. कारभाऱ्यांना पुरतेसे पटले नाही, पण पाळकांपुढे ते गप्प राहिले. तार आली, सतरंजीखालून, बाकांच्या पायांशेजारून, शेवटच्या बाकालाही वळसा घालून ती फिरवण्यात आली.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी दुपारी चाचणी ठरली. आत्या आणि लोहारकाका आपल्या नेहमीच्या बाकावर येऊन बसले. ताईंनी दोघांच्या यंत्रांवरची बटणे दाबून पाहिली, पाळकांच्या गळपट्टीला माइक लावला आणि चारही कर्णे बंद करून टाकले, म्हणजे नुसत्या तारेची पारख व्हावी. मग त्यांच्या ध्यानात आले, की तपासणीचा संच रस्त्याच्या टोकाला उभ्या केलेल्या गाडीतच राहिला आहे.

“आलेच मी. तोवर कशाला हात लावू नका,” असे बजावून त्या बाहेर पडल्या.

कारभारी आयुष्यात कोणासाठी थांबलेले नव्हते. “हात कुठं लावतोय? नुसतं बघू या,” ते पाळकांना म्हणाले. “तुम्ही आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या आणि काहीतरी बोला. मी इथं मध्ये उभा राहून ऐकतो. आपलं आपल्याला कळलं पाहिजे, चालतंय की नाही ते.”

पाळक आज्ञाधारकपणे आत गेले. दार लागले. कारभारी बाकांच्या मधल्या वाटेवर पाय रोवून, मान तिरपी करून उभे राहिले.

आत्यांच्या कानांत प्रथम एक बारीकशी घरघर झाली आणि थांबली. मग एक निःश्वास आला. मग कोणीतरी घसा खाकरला, इतका जवळ, की त्यांनी दचकून शेजारी पाहिले.

“आता काय बोलू?” पाळकांचा आवाज म्हणाला. “बोला म्हटलं की काही सुचत नाही. इथं एक कपाट आहे. त्याची कडी मोडलीय, केव्हापासून सांगतोय मी. दोन झगे खुंटीवर आहेत. खिडकीत एक कबूतर बसलंय. माझ्याकडं बघतंय. मंडळीपेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकतंय म्हणायचं.”

कपाटातला ककार आणि टकार, खिडकीतला डकार, झग्यांचा झकार: जी व्यंजने वर्षांमागून वर्षे हरवत गेली होती, ती एकेक करून आपापल्या जागी येऊन बसली. आत्यांनी बाकाची कड घट्ट धरली. देवाचे नाव नव्हते, वचन नव्हते, एक मोडकी कडी आणि एक पाखरू एवढाच काय तो मजकूर. पण आजवर ऐकलेल्या कोणत्याही स्तोत्राने त्यांचे अंतःकरण असे भरून आले नव्हते. कबुतराच्या वाक्याला त्या मोठ्याने हसल्या. त्याच क्षणी लोहारकाकाही हसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“येतंय!” लोहारकाकांनी हात उंचावला. “कारभारी, ऐकू येतंय!”

कारभाऱ्यांनी त्यांच्याकडे करुणेने पाहिले. मग जवळ येऊन ते मोठ्याने, एकेक शब्द सुटा करीत म्हणाले, “काका, माझे कान शाबूत आहेत. मला येत नाही. मग तुम्हाला कुठून येणार? उगीच माझं मन राखू नका.”

“अहो, पण कबूतर...”

“हो, हो, कबूतर,” म्हणत कारभाऱ्यांनी त्यांच्या खांद्यावर थोपटले, आणि ते तडक आतल्या खोलीत गेले. दार पुन्हा लागले. पाळकांच्या गळपट्टीवरचा माइक अर्थातच चालू होता.

“संपलं,” कारभाऱ्यांचा आवाज आत्यांच्या कानांत म्हणाला. “यंत्र ठार मुकं आहे. मधोमध उभा होतो मी, चकार शब्द नाही.”

“ताई येतायत ना पण? बघतील त्या.”

“काय बघणार कपाळ? आणि ते दोघं तिकडं माना डोलवतायत, ऐकू येतंय म्हणून. कबूतर म्हणे! वाईट वाटतं हो. ते राहू द्या, उद्याचं बोला. आत्यांना पहिल्या बाकावर मानानं बसवू. कुंडापाशी आमची ही उभी राहील.”

“आईबापांना आत्याच हव्या आहेत, कारभारी.”

“आणि तुम्ही प्रश्न विचारायचा न् त्यांनी गीत सुरू करायचं, असं हवंय का? लोक हसतील. शोभा त्यांचीच.”

मग पाळक हळूच म्हणाले, “त्या दिवशी मीही हसलो होतो. मला ते अजून टोचतं.” खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “बरं. पण आत्यांना हे सांगणार कोण?”

“तुम्ही.”

“मी नाही.”

“मग सांगतो मीच. त्यांना काय, निम्मं कळणारच नाही; निम्म्यानं वाईट वाटेल.”

आत्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढले. अपमान तर खराच. परंतु त्यात एक अपूर्व नवलही होते. आजवर आपल्याविषयी बोलणाऱ्यांचे हलणारे ओठ आणि चटकन वळणाऱ्या नजरा तेवढ्या त्यांनी पाहिल्या होत्या. आज प्रथमच आपली निंदा त्यांच्यापर्यंत काना-मात्रेसह, पुरती पोचली होती. आणि तीही बंद दाराआडून, जेथून चांगल्या कानांच्या माणसालाही ती ऐकू आली नसती.

“मी जाऊ का?” लोहारकाका बाह्या सारू लागले.

“तुम्ही बसा. जागा राखा माझी.” आत्यांनी साडीचा पदर सारखा केला, मधल्या वाटेवरून सावकाश चालत त्या आतल्या दारापाशी गेल्या आणि त्यांनी कडी वाजवली.

दार उघडले. कारभाऱ्यांनी मुद्रा गंभीर केली. “आत्या! बरं झालं आलात. थोडं! बोलायचं! होतं!”

“ओरडू नका,” आत्या म्हणाल्या. “पाळकसाहेब, कपाटाची कडी खरंच दुरुस्त करून घ्या. कबूतर अजून आहे वाटतं खिडकीत. आणि कारभारी, उद्या कुंडापाशी तुमच्या घरच्यांना उभं करायचं असेल तर त्यांना आधी विचारलंत का? मला पहिल्या बाकावर मानानं बसवणार आहात, त्याबद्दल आभार. राहिलं गीताचं. ते मी तेव्हा उभी राहून म्हटलं होतं, आणि सुरात म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात की मला निम्मं कळणार नाही. कुठलं निम्मं राहिलं, सांगा, म्हणजे तेही म्हणून दाखवते.”

पाळकांचा हात आपसूक गळपट्टीकडे गेला. “हे... हे चालू आहे?”

“केव्हाचं,” आत्या म्हणाल्या. “तुम्ही हसल्याचं तुम्हाला टोचतं, हेही ऐकलं. आता टोचू देऊ नका. मिटलं ते.”

कारभारी भिंतीला टेकले. “पण मला कसं नाही आलं ऐकू?”

“कसं येईल?” ताई दारात उभ्या होत्या, हातात संच. “ती तार हवेत आवाज सोडतच नाही. तुमच्या कानात यंत्र कुठं आहे? चांगले कान असलेल्यांनी मध्ये उभं राहून ऐकायची गोष्ट नाहीये ही. म्हणून तर म्हटलं, हात लावू नका.”

“मी कुठं हात लावला?” कारभारी पुटपुटले.

ताईंनी संचाच्या वाट्या त्यांच्या कानांवर चढवल्या आणि त्यांना नेऊन बाकांमध्ये उभे केले. पाळकांनी आतले दार लावून घेतले. क्षणभराने कारभाऱ्यांच्या भुवया वर गेल्या, तोंड उघडले आणि तसेच राहिले.

“काय म्हणतायत?” भाचेसुनेने विचारले, ती तेवढ्यात बाळाला घेऊन आली होती.

“म्हणतायत...” कारभाऱ्यांनी कानांवरच्या वाट्या उतरवल्या, “म्हणतायत, कारभारी, माफी मागा.”

त्यांनी माफी मागितली, आणि चांगली मागितली, ओरडले नाहीत. लोहारकाका मागून म्हणाले, “जरा मोठ्यानं!” त्यावर सगळे हसले, कारभारीही.

आत्या मात्र हसण्यात गुंतल्या नव्हत्या. त्या जलकुंडाकडे गेल्या आणि परत फिरल्या, पुन्हा गेल्या. “ताई, इथं आलं की पाळकसाहेब बारीक होतात.”

खरेच होते. तार बाकांभोवती होती. कुंड दाराशेजारी, तारेच्या बाहेर. सर्वांचे चेहरे उतरले. कुंड अखंड दगडाचे, ते हलवणे अशक्य.

“मग तार हलवू,” कारभारी म्हणाले. त्यांनी अंगातला कोट काढून बाकावर टाकला. “इमारती बांधतो मी. एवढं येतं मला.” ताई सांगत गेल्या आणि ते गुडघे टेकून, सतरंजीची कड उचलीत, तारेचा वळसा कुंडाच्या पलीकडे नेत गेले. सगळी संध्याकाळ त्यात गेली. अधूनमधून ते मान वर करून विचारीत, “आत्या, आता?” आणि आत्या कुंडापाशी उभ्या राहून सांगत, “अजून बारीक.” अखेर त्या म्हणाल्या, “आता जसे आहेत तसे आहेत.” तेव्हा कोठे ते उठले, त्यांच्या दोन्ही गुडघ्यांवर धुळीची वर्तुळे उमटली होती.

दुसऱ्या दिवशी चर्च भरून गेले होते; कर्णे कालपासून बंदच होते. गीत झाले, वाचन झाले आणि भाचा, भाचेसून व त्यांच्यामागून बाळाला हातांवर घेतलेल्या आत्या कुंडापाशी आल्या. बायका एकमेकींना कोपराने खुणावू लागल्या. त्यांना ते गीत आठवत होते.

बाळाने पाण्याकडे पाहिले आणि टाहो फोडला. असा, की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानेही कानावर हात ठेवला. पाळक आपल्या सवयीप्रमाणे कुंडावर ओणवे झाले, त्यांची पाठ आत्यांकडे आली आणि प्रश्न त्यांनी नेहमीच्या हळू आवाजात, जणू पाण्यालाच, विचारला.

मंडळीतल्या एकाही चांगल्या कानाला तो ऐकू आला नाही. आत्यांना आला.

“ही मोठी होईल. कधीतरी हिला वाटेल, की आपली हाक कोणी ऐकत नाही, देवसुद्धा नाही. त्या दिवशी तुम्ही हिच्यासाठी काय कराल?”

आत्या क्षणभर थांबल्या. थांबल्या त्या ऐकू आले नाही म्हणून नव्हे. उत्तर खरे असावे म्हणून.

“तिच्या शेजारी जाऊन बसेन,” त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज टाहोच्या वरून सहज निघाला. “असं वाटणं चूक आहे, असं तिला सांगणार नाही. मलाही पुष्कळ वर्षं काही ऐकू येत नव्हतं, आणि तरी कोणीतरी बोलतच होतं, हे सांगेन. मग ती बोलेल ते शेवटपर्यंत ऐकून घेईन. मध्ये बोलणार नाही.”

पाळक वळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

पहिल्या बाकावरून कारभारीणबाई नवऱ्याच्या कानाशी लागल्या. पण कुजबुज बेतशीर ठेवणे त्यांना कधीच जमत नसे. “अहो, विचारलं काय त्यांनी? पोरीच्या रडण्यात मला काहीसुद्धा कळलं नाही!”

“मला तरी कुठं कळलं?” कारभारी म्हणाले.

साऱ्यांचे गोंधळलेले चेहरे पाहून शेवटच्या बाकावरून लोहारकाका उठून उभे राहिले. घसा साफ करून त्यांनी पाळकांचा प्रश्न पहिल्या शब्दापासून अखेरच्या शब्दापर्यंत, एक अक्षरही न गाळता, साऱ्या मंडळीला ऐकवला आणि वर म्हणाले, “कुणाला अजून काही आलं नसेल ऐकू, तर इकडं मागं या. इथं चांगलं येतं.”

हशा असा उसळला, की त्या जुन्या छतानेही तो दोनदा परत केला. या खेपेस आत्याही त्यात होत्या. तो ओसरण्याआधीच पाळक पुन्हा कुंडाकडे वळले, ओणवे झाले आणि मागे न वळता, आवाज न चढवता त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. बाळाने पुढच्या टाहोसाठी छाती भरून श्वास घेतला. पण ती तोंड उघडणार तोच आत्या उत्तर देऊ लागल्या होत्या.